शुक्रवारी रात्रीचं

प्रिय निखिल,

काल तू म्हणालास, "आई, हायस्पीड ट्रेन झाली की पुणे-मुंबई पाऊण तास, मग शुक्रवारी रात्री कारने येण्यावरून तुझी कटकट बंद." मी फोन ठेवला तो रागाने नाही, गॅसवर दूध होतं. पण रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं म्हणून लिहायला बसले.

होऊ दे की हायस्पीड, माझी काही ना नाही. अहमदाबादची बुलेट ट्रेन 508 किलोमीटर, ताशी 320 ने पळणार, तिथे माणसाचा खरंच अर्धा दिवस वाचेल. आपलं पुणं रेल्वेने जेमतेम 192. गाडी पाऊण तासात पोचवेलही, पण हिंजवडीतून स्टेशन गाठायचं, इकडे उतरून परत मुलुंडची लोकल पकडायची, म्हणजे वाचलेला वेळ दोन्हीकडच्या ट्रॅफिकमध्येच जाणार ना? आणि मध्ये घाट. बाबा नेहमी सांगायचे, 37 फुटांना 1 फूट चढ आहे, मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावल्याशिवाय गाडी वर जात नाही. एवढ्या वेगाची गाडी न्यायची तर डोंगरातून लांबच लांब बोगदे पाडावे लागणार, तो पैसा काही प्रमाणात तिकिटातूनच काढतील. दर आठवड्याला परवडेल का तुला?

मला वेग नकोच आहे रे, उशिराची गाडी हवीय. इंद्रायणी पुण्याहून साडेसहाच्या सुमारास सुटते, तेव्हा तुझी मीटिंग चालू असते. रात्री साडेनऊला पुण्याहून खास मुंबईसाठी एखादी गाडी असती, साधी, तीन-सव्वातीन तास घेणारी, तर तुझ्यासारखी कितीतरी मुलं दमलेल्या डोळ्यांनी एक्सप्रेसवेवर गाडी घातलीच नसती. मागच्या वेळी खालापूरच्या टोलवर तोंडावर पाणी मारलं आणि निघालो, हे तू हसत सांगितलंस. मला नाही हसू आलं. पावसात खंडाळ्याला धुकं असतं, ट्रकवाले लेन पाळत नाहीत, आणि तू सकाळपासून स्क्रीनसमोर. झोप सांगून येत नाही बाळा, निदान सीट मागे करून वीस मिनिटं पडायचं, कोणी ओरडणार नाहीये उशीर झाला म्हणून.

झालं लेक्चर सुरू. सॉरी. हा विषय काढायचाच नाही असं ठरवून बसले होते.

कर्जतला बँकर लागताना हिसका बसायचा तो आठवतो का तुला? तू वडापाव दोन्ही हातांत घट्ट धरून तयार बसायचास, तरी लाल चटणी शर्टावर यायचीच, आणि बाबा म्हणायचे राहू दे, घाटातल्या मंकी हिलपर्यंत वाळेल. मग बोगद्यात शिरलं की तू जो ओरडायचास, अख्खा डबा बघायचा. आता तोच मुलगा तिकडे एवढी मोठी टीम सांभाळतो, जोशी काकूंना मी सांगितलंय, गावालाही फोन झालेत. म्हणूनच जीव वरखाली होतो, अभिमान वाटतो आणि शुक्रवारी रात्री नुसती घड्याळाकडे बघत बसते.

म्हणून सरळ विचारते, शनिवारी सकाळी येशील का? डेक्कन क्वीन सव्वासातला सुटते, दादरला उतर, जेवायला घरी. तारीख कळव, तिकीट मी काढते, खिडकी मिळेल का बघते. आणि यायचंच असेल शुक्रवारी कारने, तर लोणावळ्याला थांबून फोन कर, कितीही वाजू देत, मी जागीच असते.

आई