विंगेतल्या मंडळींनो, थँक्यू!
हौशी नाटकांच्या ग्रुपमधे मी बरीच वर्षं होतो, टाळ्या भरपूर घेतल्या पण ज्यांच्यामुळे घेतल्या त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून आज हे.

सगळ्यात आधी प्रॉम्प्टिंगवाल्या ताई. दुसऱ्या अंकात मी चक्क ब्लँक झालो होतो, पुढचं वाक्यच आठवेना, आणि विंगेतून नुसते पहिले दोन शब्द आले, तेही इतके हळू की पहिल्या रांगेला पत्ता लागला नाही. नटाने पॉज घेतलाय की तो विसरलाय हे नुसतं तोंडाकडे बघून ओळखायचं, कसब आहे राव ते!

मग ब्लॅकआउटमधे सेट हलवणारी पोरं. काळे कपडे, अनवाणी पाय, आणि टेबल कुठे ठेवायचं त्याच्या खुणा चिकटपट्टीने केलेल्या. एकदा अंधारात मी लेव्हलवरून, म्हणजे स्टेजवरच्या उंच चौथऱ्यावरून, पडणारच होतो तर कुणीतरी मागून कॉलर धरून ओढलं, कोण ते आजपर्यंत कळलं नाही. बाबा रे, तू जो कोणी असशील, माझा गुडघा तुझा ऋणी आहे.

लाइटवाले काका, "स्पॉट तुझ्याकडे येणार नाही, तू स्पॉटमधे जा" असं तुम्ही ओरडायचात तेव्हा जाम राग यायचा, खरं सांगतो. आता साधा फोटो काढतानाही आधी उजेड कुठून येतोय ते बघतो.

आणि प्रयोग संपल्यावर आम्ही मेकपसकट मिरवत असताना ज्यांनी फ्लॅट्सचे, म्हणजे सेटच्या खोट्या भिंतींचे, खिळे उपटून, सरळ करून डब्यात भरले, त्यांना थँक्यूच्या आधी सॉरी. एकदाही मदतीला आलो नाही मी.