माझ्या गुडघ्याला हात लावायच्या आधी चुलीवर हात शेकणाऱ्या आमच्या फिजिओ बायला

प्रिय बाय,

नाव लिहू नकात काकी, असं तू फोनवर बजावलंस म्हणून नाव लिहीत नाही, पण वेंगुर्ल्यापासून शिरोड्यापर्यंत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच आणि कळू दे. परवा मी आरवलीला वेतोबाला जाऊन आले. चालत. यांना म्हटलं रिक्षा नको, तुम्ही हवं तर मागून सावकाश या, आणि काठी हातात घेऊन निघाले. देवाला वाहिलेल्या त्या भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा लहानपणापासून बघत आलेय, देव रात्री गावभर फिरतो म्हणून त्यांचे तळ झिजतात असं आजी सांगायची, पण चालणं ही केवढी मोठी गोष्ट असेल की आपल्या लोकांनी देवाला काय द्यायचं तर वहाणा द्यायच्या असं ठरवलं, हे मला परवा पहिल्यांदा आतून समजलं. तिथेच रडू आलं. आणि घरी येऊन ठरवलं की तुझे आभार सगळ्यांसमोर मानायचे, फोनवर थँक्यू म्हणून नाही भागत.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मे महिन्यात माझा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशनचं पुराण लावत नाही, ते चांगलंच झालं, सर्जनच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. पण त्यानंतर जे झालं ते आठवलं की अजून घसा दाटतो. त्या मोठ्या हॉस्पिटलात फिजिओला म्हणून एक मुलगा यायचा. तो गुडघ्याला वायरी चिकटवून मशीन लावून निघून जायचा, टायमर वाजला की परत यायचा, वायरी काढायचा, आणि काही न बोलता एक हात मांडीवर एक हात घोट्यावर ठेवून पाय थेट दाबून वाकवायचा. मी ओरडले की म्हणायचा, मावशी दुखल्याशिवाय वाकत नाही. त्याने माझं नाव एकदाही विचारलं नाही. घरी सोडताना एक झेरॉक्स हातात दिली, सगळं इंग्रजीत, चित्रं पुसट झालेली, आणि झालं. गुडघ्याखाली उशी ठेवून झोपायचं नाही, पाय तसाच अर्धवट वाकलेल्या अवस्थेत आखडतो, ही एवढी साधी गोष्ट तिथल्या एकाही माणसाने सांगितली नाही. उलट नर्सनेच पहिल्या रात्री उशी आणून दिली होती.

मग तपासणीला गेलो तर एक्सरे लाइटवर धरून म्हणाले सांधा फर्स्ट क्लास बसलाय, तुम्हीच व्यायाम करत नाही. असाच राहिला तर परत भूल देऊन वाकवावा लागेल. बस्स, पुढचा पेशंट. मी दिवसभर दात आवळून करत होते गं, रात्री यांना कळू नये म्हणून तोंडात पदराचा बोळा धरून करत होते, आणि ऐकायचं काय तर करत नाही. घरी बायका भेटायला यायच्या, मनाने चांगल्याच, पण प्रत्येकीकडे कुणीतरी अशी असायची जी महिनाभरात देवळाच्या पायऱ्या चढलेली. आजून पाय वाकणा नाय? असं कुणी विचारलं की मी आत तोंड फिरवून घ्यायचे. त्यात मिरग लागला, पाऊस सुरू झाला, लाइट जायची, आणि मी खाटेवर.

तेव्हा तू आलीस.

त्या दिवशी धो धो पाऊस होता. मळेवाडमार्गे तू स्कूटरवरून आलेलीस, रेनकोट असून बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. यांनी टॉवेल दिला, मी खाटेवर पाय पसरून आधीच घट्ट डोळे मिटून तयार, की आता ही दाबणार. आणि काही होईचना. डोळे उघडले तर तू खोलीत नाहीस. हे म्हणाले मागच्या पडवीत गेली. आंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली होती, तिथे उकिडवी बसून तू दोन्ही हात उलटेसुलटे करून शेकत होतीस. दारातून मला तुझी पाठ दिसत होती आणि बोटं उघडमीट करताना दिसत होती. मग आलीस, गालाला हात लावून बघितलास गरम झाला का, आणि म्हणालीस, "काकी, हात थंड होते माझे, म्हणान वायच शेकून इलंय. आता लावू काय हात?"

बाय, मला विचारलंस. लावू काय हात. इतक्या लोकांनी त्या पायाला हात लावला होता तोवर, ड्रेसिंगवाल्यांनी, टाके काढणाऱ्यांनी, त्या मुलाने, पण हा पाय माझा आहे, मला विचारून हात लावायचा, आणि हात गार असेल तर गरम करून लावायचा, हे कुणाच्याही मनात आलं नव्हतं. त्या दिवशी तू गुडघा वाकवलाच नाहीस. नुसती पोटरी, मांडी, टाक्यांच्या कडेची कातडी हळूहळू मोकळी करत बसलीस आणि माझं सगळं बोलणं ऐकून घेतलंस. तू गेल्यावर मी कितीतरी दिवसांनी दुपारी गाढ झोपले. हे म्हणतात घोरत होतीस.

मशीनं चांगली असतील, डिग्र्याही असतील, पण ते हात शेकणं कुठल्या कॉलेजात शिकवतात मला माहीत नाही. तुझ्या आईवडिलांनीच शिकवलं असणार. त्यांनाही माझा नमस्कार सांग.

दुसरी गोष्ट जी मी विसरणार नाही ती तू समजावून सांगितलेली. मी म्हटलं मी करते तरी होत नाही, सगळे म्हणतात करत नाही. तू म्हणालीस की गुडघ्यात सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप दबून जातो, माणसाने कितीही मनावर घेतलं तरी तो पुरता जोर लावत नाही, म्हणून आधी सूज उतरवायची मग जोर, यात तुमचा काही दोष नाही. पावसात दार फुगून बसतं काकी, त्याका लाथ मारून उघडूचा नसता, म्हणालीस. ते "दोष नाही" ऐकल्यावर माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. एका वाक्यात सांगता येत होतं की हे! मग त्या एवढ्या मोठ्या लोकांना का नाही सांगता आलं?

सूज उतरवायला बर्फ पाहिजे आणि लाइट नसल्यामुळे फ्रीजमध्ये बर्फ नाही, तर तू शेजारच्या बाबल्याला हाक मारलीस, तो मासळीच्या खोक्यातला कुटलेला बर्फ पिशवीत घालून द्यायला लागला, वर ओला पंचा गुंडाळून पंधरावीस मिनिटं, जास्त नाही. खोलीला बांगड्याचा वास यायचा त्याची पर्वा कुणी केली नाही. मग टाच सरकवायचा व्यायाम, टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी घालून लादीवर. खुर्चीत बसून पायाखाली सोललेला नारळ घेऊन मागेपुढे फिरवायचा, तो तर मी अजूनही करते, टाकळ्याची भाजी निवडता निवडता. आडाळो, म्हणजे विळी, जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवायला लावलास, आता खाली बसून चिरायचं नाही म्हणून. पोटरीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पंजे वरखाली, ते देवासमोर जप करताना करा म्हणालीस, नाम घेत घेत. माझ्या घरात जे होतं, मी दिवसभर जे करते, त्यातूनच तू व्यायाम काढलेस. मला आजारी असल्यासारखं वाटायचं बंद झालं ते त्यामुळे.

आणि पायऱ्या! आमच्या खळ्यातून ओटीवर यायच्या पायऱ्या जुन्या चिऱ्याच्या, एक उंच एक बुटकी, हॉस्पिटलातल्या त्या लाकडी दोन पायऱ्यांवर ज्यांनी मला चढवून टिक मार्क केली त्यांनी कुणी विचारलं होतं का तुमच्या घराला पायऱ्या कशा आहेत? तू टेप आणलीस, पावसात छत्री मानेत धरून एकेक पायरी मोजलीस, वहीत लिहिलीस. मग मागच्या अंगणात पडलेले चिरे यांच्याकडून आत आणवून आधी बुटक्या पायरीएवढी, मग त्याहून उंच, अशी माजघरातच पायरी तयार केलीस. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आता गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना मी हे शिकवलंय. पायऱ्यांवरच्या शेवाळावर ब्लिचिंग पावडर टाकून घासून घ्यायला लावलंस, बाबल्याने बांबूचा कठडा बांधला, आणि मग तू म्हणालीस चला बाहेर.

तू कोन मोजायचीस तेव्हा आकडा मला मोठ्याने सांगायचीस हेही मला फार आवडायचं. तू आलीस तेव्हा 60 च्या पुढे जात नव्हता. सपाटीवर नीट चालायला साधारण 65-70 लागतात, पायऱ्या उतरायला 90 च्या आसपास, बुटक्या खुर्चीतून हात न टेकता उठायला 100 च्या वर, असं तू समजावलंस, त्यामुळे प्रत्येक आकड्याला अर्थ आला. 90 झाले त्या दिवशी तू टाळ्या वाजवल्यास आणि यांनी शिरा केला, यांनी, ज्यांनी आयुष्यात चहापलीकडे काही केलं नव्हतं. हे श्रेयसुद्धा तुझंच, कारण तू यांना एका बाजूला घेऊन सांगितलं होतंस की काका, काकींना पाणी आणून देऊ नकात, त्यांना उठू द्या, पण त्या उठतील तेव्हा बाजूला उभे राहा. हे त्या दिवसापासून बाजूला उभे राहायला शिकले.

गणपतीत मी आरतीला पूर्ण वेळ उभी होते, मोदकांची उकड मी मळली, स्टुलावर बसून का होईना. लेक मुंबईहून आली होती, तिने मला ओटीवरून खळ्यात उतरताना बघितलं आणि तिथेच थांबली, सामान हातात तसंच.

आता थोडं मनातलं. सरकारने 2017 साली कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घालून दिली, फार चांगलं काम झालं, आमच्यासारख्यांना परवडायला लागलं. पण गुडघा बसवल्यावर तो वाकवायला शिकवणारं माणूस खेड्यात कुठून येणार याचा विचार कोण करतं? वाडीवाडीत गुडघे बदललेली माणसं आहेत आणि त्यातली कितीतरी खाटेवर बसून आहेत, कारण त्यांना झेरॉक्स मिळाली, बाय मिळाली नाही. ऑपरेशनचं बिल देताना बाकी सगळ्याचा हिशोब असतो, घरी गेल्यावर कोण बघणार याची एक ओळ नसते. मला याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

आणि तरीही सांगते, या दिवसांत मी माणसं बघितली. बाबल्या, ज्याने बर्फाचे पैसे घेतले नाहीत आणि बांबूचेही नाही. एसटीचा तो कंडक्टर, मी दोन्ही पाय आत घेऊन सीटवर बसेपर्यंत घंटी न मारणारा, मागून लोक ओरडत असताना. औषधाच्या दुकानातला पोरगा, पावसात स्वतः गोळ्या आणून देणारा. यांच्यापैकी कुणीही मोठं काही केलं असं त्यांना वाटत नसणार. साधी माणसं आहेत, समोरच्याला त्रास होतोय हे त्यांना दिसतं, एवढंच, आणि दिसल्यावर ती थांबतात. तू त्यातलीच. तुला घाई नसायची असं नाही, तुझे पुढचे पेशंट वाट बघत असायचे, फोन वाजत असायचा, पण माझ्या खाटेजवळ बसलीस की "घाय नाय आमका" म्हणून फोन उलटा ठेवायचीस.

तू परत परत म्हणतेस की काकी मेहनत तुमची. असेल. पण मेहनत तर मी तू यायच्या आधीही करत होते, आणि नुसती झिजत होते. त्या मेहनतीला वाट तू दाखवलीस, हे मला ठाऊक आहे, माझ्या गुडघ्याला ठाऊक आहे, तू नाही म्हटलंस तरी.

आता एक काम आहे. बाबल्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय. ती फार घाबरलेली आहे, माझं ओरडणं तिने भिंतीपलीकडून ऐकलंय ना. तर ऑपरेशनच्या आधीच एकदा येऊन तिचं घर बघून जाशील का? तिची न्हाणी बाहेर आहे आणि वाटेत तीन उंच पायऱ्या आहेत, मी त्या मोजून ठेवल्यात, आकडे व्हॉट्सॲपवर पाठवते. मांडीचा व्यायाम आधीपासून सुरू केला तर नंतर सोपं जातं असं तूच मला म्हणाली होतीस, तो मी तिला दाखवायला लागलेय, पण बरोबर दाखवतेय ना ते तू येऊन बघ. रविवारी आलीस तर जेवायलाच ये, बाबल्या सुरमई देणार म्हणालाय.

तुझी,
उजव्या गुडघ्याची काकी