समासातल्या पेन्सिलीच्या नोंदींसाठी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

माझी कादंबरी छापून हाती आली आहे. ऋणनिर्देशाच्या पानावर तिच्या संपादक म्हणून आपला उल्लेख दोन ओळींत उरकावा लागला. त्या दोन ओळी मला फार अपुऱ्या वाटतात, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

पहिला खर्डा मी आपल्याकडे पाठवला, तेव्हा त्यात तीन धनाढ्य घरांतल्या तीन मैत्रिणी होत्या, त्यांची एकाच वर्गात शिकणारी मुले होती आणि अखेरच्या प्रकरणात फुटणारे एक गुपित होते. एकीच्या मुलाने निनावी निरोप पाठवून दुसरीच्या मुलीला इतके छळलेले असते की त्या मुलीला शाळा सोडावी लागते, आणि हे ठाऊक असूनही ती आई मैत्रिणीच्या शेजारी बसून तिचे सांत्वन करत राहते. हा धक्का शेवटपर्यंत राखून ठेवण्यातच माझे कौशल्य आहे, अशी माझी समजूत होती. आपण मात्र एवढेच विचारले, की सबंध कादंबरी या बाईच्या मनातून सांगितली जाते, मग दिवसरात्र जी गोष्ट तिला पोखरते तीच तेवढी तिच्या मनात कशी येत नाही?

मी वाद घातला, हे आपल्याला आठवत असेल. त्यावर आपण अमेरिकन लेखिका एडिथ व्हॉर्टन यांची १९३४ साली प्रसिद्ध झालेली ‘रोमन फीव्हर’ ही कथा मला वाचायला दिलीत. रोममधल्या एका गच्चीवर, प्राचीन अवशेषांकडे पाहत, दोन श्रीमंत विधवा बसल्या आहेत. दोघींच्या मुली बाहेर फिरायला गेल्या आहेत आणि एकीच्या हातात विणकाम आहे. जुनी ओळख असूनही दोघी एकमेकींना जणू दुर्बिणीच्या उलट्या टोकातून पाहतात. त्या कथेतले गुपित तर अगदी शेवटच्या वाक्यात उघड होते, मग मलाच बंदी का, असे मी तावातावाने विचारले होते. आपले उत्तर मी वहीत उतरवून ठेवले आहे: ती कथा बहुतांशी ज्या बाईच्या मनातून उलगडते तिलाच ते गुपित ठाऊक नसते, त्यामुळे लेखिकेने वाचकापासून काहीही चोरलेले नाही, विणणारी बाई गप्प आहे, निवेदन गप्प नाही.

त्या एका उत्तराने माझ्या कादंबरीची घडणच बदलली. गुपित तिसऱ्या प्रकरणात आले. त्यानंतर ती बाई मैत्रिणीच्या घरी जाते आणि त्या खचलेल्या मुलीची वेणी घालून देते, हा प्रसंग पूर्वी केवळ जिव्हाळ्याचा वाटत असे. आता तो वाचताना माझाच श्वास अडकतो, कारण हे हात कोणाच्या आईचे आहेत ते आपल्याला माहीत असते आणि त्या हातांतली माया खोटी नाही, हेही दिसते. मैत्री आणि मातृत्व यांपैकी एकाशी इमान राखायचे तर दुसऱ्याशी बेइमानी करावी लागते, हा पेच माझ्या कथानकात पहिल्यापासून दडलेला होता. मी त्यावर स्वतःच पडदा टाकून बसले होते.

दुसरे ऋण पैशांबाबतचे आहे. तिसऱ्या मैत्रिणीचे घर आतून पार बुडालेले आहे, हे मी चार वाक्यांत सांगून मोकळी झाले होते. आपण मला तिच्या घरखर्चाची वही लिहायला लावलीत: कोणता खर्च आधी बंद होतो आणि कोणता अखेरपर्यंत तगतो? लिहिता लिहिता लक्षात आले, की जे कोणाला दिसत नाही ते आधी जाते, म्हणजे तिची स्वतःची औषधे, विम्याचे हप्ते, दुखरा दात. जे चारचौघांत दिसते ते, मुलाच्या वाढदिवसाची मेजवानी आणि क्लबचे सदस्यत्व, सर्वांत शेवटी सुटते. पहिल्या खर्ड्यात मला या बायकांची सरसकट चीड होती, आणि ती चीड मी सामाजिक भान समजत होते. ती वही लिहून झाल्यावर तशी चीड बाळगणे मला शक्य झाले नाही.

आणि मग एकशे बाराव्या पानाच्या समासातली ती नोंद. ‘तिन्ही आया दिवाणखान्यात बसल्या होत्या’ या माझ्या वाक्यातल्या ‘आया’ शब्दाभोवती आपण पेन्सिलीने वर्तुळ केले होते आणि बाजूला लिहिले होते, ‘चौथी कुठे आहे?’ आईचे अनेकवचन आणि मुले सांभाळणारी पगारी बाई, दोघींना आपल्या भाषेत एकच शब्द आहे, हे मी जन्मभर बोलत आले होते, पण ऐकले कधीच नव्हते. त्या घरात मुलाचा फोन उशाखालून कोण काढून ठेवते, रात्री तो का रडतो हे सर्वांआधी कोणाला कळते, आणि कळूनही बोलण्याची मुभा कोणाला नसते? त्या नोंदीतून सखू हे पात्र जन्मले. आज कादंबरीतली मला सर्वांत प्रिय व्यक्ती तीच आहे.

शेवटाबाबत आपले एकमत झाले नाही. मैत्रिणीने क्षमा करावी, असे आपल्याला वाटत होते. मी तिला दार लावून घेऊ दिले. तरीही आपण त्या प्रकरणावर तितक्याच निगुतीने काम केलेत, मला न पटणाऱ्या शेवटाकडे ढकलले नाहीत, आणि मुद्रितांतली माझी विरामचिन्हेसुद्धा तीनदा तपासलीत. संपादनाची ही रीत मला दुसरीकडे कुठे अनुभवायला मिळाली नव्हती, म्हणून त्याचे मोल मी जाणते.

कादंबरीची पहिली प्रत टपालाने आपल्याकडे पाठवली आहे. वेणीचा प्रसंग आपण सुचवलेल्या जागीच आहे. तेवढा आधी वाचावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
सखूची लेखिका