बीएस्सीला गेलेल्या फौजीच्या मुलीने काय करायचं?

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार यांस,

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. हा फौजींचा मुलूख. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’च लागलं आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज सुटले, की वडिलांचं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) यांच्या झेरॉक्स घेऊन मुलं बोनाफाईडसाठी स्टाफरूमच्या दारात उभी राहतात.

केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत माजी सैनिकांच्या मुलांना पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळते. वर्षाला 5,500 जणांना. मुलींना महिना 3,000 रुपये, मुलांना 2,500. बारावीला 60 टक्के लागतात, ते योग्यच आहे. अडतं पुढे. अभ्यासक्रम व्यावसायिक हवा. इंजिनिअरिंग, मेडिकल, बीएड, बीबीए, बीसीए चालतं. साधं बीए, बीकॉम, बीएस्सी चालत नाही.

माझ्याकडे केमिस्ट्रीला एक मुलगी आहे. बारावीला चांगले गुण, वडील नायब सुभेदार म्हणून निवृत्त. तिची मैत्रीण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बीसीए करते. मैत्रिणीला वर्षाला 36,000 रुपये मिळू शकतात, हिला अर्जसुद्धा करता येत नाही. मोबाईलवर कोर्सची यादी वर-खाली करत ती म्हणाली, “सर, अर्जात बायोटेक टाकू का?” नको म्हणालो. दुसरं काय सांगणार?

साध्या पदवीला किंमत नाही म्हणावं, तर सीडीएस ही अधिकारी भरतीची परीक्षा देऊन डेहराडूनच्या आयएमएत, म्हणजे लष्करी अकादमीत, जायला कुठलीही पदवी चालते. म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायला बीए पुरतं, पण जवानाच्या पोराला बीए करताना मदत द्यायला ते पुरत नाही. हे कोडं आपल्याच मंत्रालयातल्या कुणीतरी सोडवावं.

दुसरी योजना शिक्षण अनुदानाची. नोव्हेंबर 2025 पासून आपण ते महिना 1,000 वरून 2,000 रुपये केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. हे बीए-बीएस्सीलाही मिळतं, पण फक्त हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या मुलांना. बाप हवालदाराचा नायब सुभेदार होऊन खांद्यावर तारा चढला, की पोरगी बाद! माझी विद्यार्थिनी नेमकी या दोन योजनांच्या फटीत पडली आहे, आणि ती एकटी नाही.

जवान इतर नोकरदारांच्या कितीतरी आधी, अनेकदा चाळिशीच्या आसपासच घरी येतो. मुलं कॉलेजात जातात तेव्हा पगार बंद झालेला असतो. मग पेन्शन, आणि जमलंच तर पुण्यात एखाद्या सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीची ड्यूटी. हॉस्टेल, मेस, एसटीचा पास बीएस्सीवाल्यालाही चुकत नाही. आणि गावाकडच्या मुलींना बहुतेकदा जवळचं, साधं कॉलेजच परवडतं. घरचे तेवढंच मान्य करतात.

पंतप्रधान शिष्यवृत्तीचा पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो. त्या निधीच्या समितीचे अध्यक्ष पंतप्रधान आणि आपण सदस्य. 2019 साली दर वाढवताना दहशतवादी आणि नक्षली हल्ल्यांत शहीद झालेल्या राज्य पोलिसांच्या मुलांनाही या योजनेत घेतलं गेलं, म्हणजे नियम बदलता येतात. पुढच्या बैठकीत साध्या पदव्या यादीत घ्या. जागाही थोड्या वाढवा, नाहीतर आहे त्याच 5,500 मध्ये ओढाताण होईल. आणि शिक्षण अनुदानाची हवालदाराची अट निदान पदवीच्या तीन-चार वर्षांपुरती सुभेदारापर्यंत न्या.

पुढच्या वर्षीचे अर्ज सुटायच्या आत हे व्हावं, एवढी विनंती.

आपला नम्र,
तालुक्याच्या कॉलेजातला एक प्राध्यापक, जि. सातारा