डाम्फनूडल मोदकपात्रात होत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्याच्या खाद्यपुरवणीत आपण जर्मनीतल्या डाम्फनूडलची, म्हणजे यीस्टच्या पिठाचे गोळे झाकून वाफवून करायच्या पदार्थाची, कृती छापलीत. जर्मन गोड पदार्थ म्हटलं की आपल्याकडे गाडी ब्लॅक फॉरेस्ट केकच्या पुढे जात नाही, त्यामुळे नाव वाचूनच मला फार आनंद झाला. कृती वाचली आणि मात्र राहवलं नाही. तीत यीस्टच्या जागी बेकिंग पावडर आहे, गोळे मोदकपात्रात चाळणीवर उकडायला सांगितलेत, ‘अधूनमधून झाकण काढून पाहावे’ असं लिहिलंय आणि शेवटी वरून कन्डेन्स्ड मिल्क ओतलंय. कोणी घरी असं करून पाहिलं, तर जे ताटात येईल त्याला डाम्फनूडल म्हणता येणार नाही. पदार्थ बिघडला की दोष मात्र करणारीच्या हाताला लागतो, म्हणून हे सविस्तर पत्र.

मी विलेपार्ल्यात राहते. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. यजमानांच्या नोकरीमुळे काही वर्षं आमचं बिऱ्हाड लुडविग्सहाफेनला होतं. ऱ्हाइन नदीकाठचं, रासायनिक कारखान्यांचं हे शहर जर्मनीच्या नैर्ऋत्येकडच्या फाल्झ भागात येतं आणि डाम्फनूडलवर जीव टाकणारी माणसं याच भागातली. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहत. बहुतेक शुक्रवारी त्यांच्याकडे हाच बेत असे. कॅथलिक घरांत शुक्रवारी मांस वर्ज्य, तेव्हा पिठाचे पदार्थ करायचे ही तिकडची जुनी रीत. त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी हा पदार्थ शिकले.

आजींकडे काळी, जड बिडाची कढई होती आणि तिच्यावर तितकंच जड झाकण. कढईत लोणी, पाणी आणि मीठ घालायचं, पाणी तळ जेमतेम बुडेल एवढंच. ते उकळलं की फुगलेले गोळे अंतर ठेवून मांडायचे, झाकण लावायचं आणि कडेने ओला पंचा गुंडाळायचा. मग आजी एक हात झाकणाच्या मुठीवर ठेवून कान कढईशी नेत. घड्याळ समोर असे, पण त्या बघत नसत. मला म्हणत, “ऐक.” आधी नुसती बुडबुड ऐकू येई. बऱ्याच वेळाने ती बारीक होई, क्षणभर शांतता, आणि मग तळातून चरचर सुरू होई. तो आवाज आला की गॅस अगदी मंद करून आणखी दोन-तीन मिनिटं थांबायचं. गोळा उलथन्याने काढून उलटा केला की त्याचा तळ बदामी, कुरकुरीत आणि खारट, आणि वरचं अंग पांढरंशुभ्र, मऊ, कुठेही डाग नसलेलं.

हा खरपूस तळ म्हणजेच डाम्फनूडल. फाल्झमधल्या कोणालाही विचारा, त्याशिवाय तो हा पदार्थ मानणारच नाही. आणि आपल्या कृतीत नेमका तोच नाही, कारण मोदकपात्रातला गोळा चाळणीवर बसतो, त्याला तापलेलं लोखंड आणि लोणी भेटतच नाही.

यामागचं शास्त्र आठवीच्या मुलालाही कळेल. कढईत पाणी आहे तोवर तळाचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या पुढे फारसं जात नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तेवढ्या वेळात ती वाफ गोळ्यांचं वरचं अंग शिजवते. पाणी संपलं की उरतं फक्त लोणी. ते १०० च्या वर तापतं, आणि तेव्हाच पिठातली साखर आणि प्रथिनं तळाशी तांबूस होऊ लागतात. उकडणं आणि परतणं ही दोन्ही कामं एकाच भांड्यात, एकामागून एक, आपोआप होतात. बुडबुडीची चरचर होते ती याच टप्प्यावर. ज्या कोणी हे प्रथम केलं त्यांच्या हाती थर्मामीटर नव्हता, कान होते. या गोष्टीचं मला आजही फार कौतुक वाटतं.

झाकण का उघडायचं नाही, तेही यातच आलं. आतला गोळा अजून कच्चा असतो, त्याच्या पिठातली लवचीक जाळी घट्ट झालेली नसते, तो आतल्या गरम वायूवर आणि वाफेवर तरंगत उभा असतो. झाकण उघडलं की भांडं एकदम निवतं, आतला वायू आकसतो आणि गोळा बसतो. पुन्हा कितीही वाफ दिली तरी तो वर येत नाही, आतून चिकट आणि गच्च राहतो. ‘अधूनमधून झाकण काढून पाहावे’ हे वाक्य म्हणूनच आधी दुरुस्त करायला हवं. काचेचं झाकण असेल तर बाहेरून खुशाल बघावं.

आता बेकिंग पावडर. घरोघरी बेकिंग पावडरची पुडी पोचवली ती जर्मनीनेच. बीलेफेल्डच्या आउगुस्ट ओटकर या औषधविक्रेत्याने १८९१ मध्ये अर्ध्या किलो पिठाला पुरेल एवढी पावडर मोजून पुड्यांत विकायला सुरुवात केली. त्या देशातल्या बायका शंभराहून अधिक वर्षं ही पुडी वापरतात, केक तिच्यावरच करतात, आणि तरीही डाम्फनूडलला यीस्टच घालतात. पावडरीचा वायू ओल आणि उष्णता मिळताच भराभर निघून जातो आणि हाती येतो भुसभुशीत केक. यीस्ट हळूहळू काम करतं. तेवढ्यात मळलेल्या मैद्यातली लवचीक जाळी ताणत जाते, आणि पिठाला पावाचा तो ओळखीचा वास येतो. गोळा बोटांनी फाडला की लांब धागे सुटायला हवेत, ते यीस्टशिवाय सुटत नाहीत. मुंबईत यीस्ट मिळत नाही अशी सबब चालणार नाही. लादीपावाच्या या शहरात क्रॉफर्ड मार्केटच्या बेकिंगच्या दुकानांत सुकं यीस्ट मिळतं, आणि पाव करणाऱ्या बेकरीवाल्याशी गोड बोललात तर तो ताज्या यीस्टचा तुकडाही देतो.

फोटोबद्दलही लिहायला हवं. त्यात दिसतो तो एकटा मोठा गोळा, वर खसखस आणि वितळलेलं लोणी, आत काळसर सारण. तो ऑस्ट्रियाचा गेर्मक्नोडल. त्याच्या पोटात पोविडल भरतात, म्हणजे प्लमची फळं साखर न घालता तासन् तास आटवून केलेला घट्ट गर. तिकडची खसखसही आपल्यासारखी पांढरी नसते, निळसर करडी असते, आणि पिठीसाखरेबरोबर दळून घालतात. तो नुसत्या वाफेवर किंवा उकळत्या पाण्यात शिजतो, त्याला खरपूस तळ नसतो. मोदकपात्र वापरायचंच असेल तर या पदार्थाला वापरावं, छान होतो. एकाचं नाव, दुसऱ्याचा फोटो आणि तिसरीच कृती असं झाल्याने वाचक गोंधळतात. जर्मनीतल्याच बव्हेरिया भागात डाम्फनूडल करतात ते पाण्या-मिठाऐवजी दूध, साखर आणि लोण्यात. तिथे तळाला साखरेचा तांबूस, गोड लेप धरतो. मला फाल्झचे अधिक आवडतात.

फाल्झमध्ये डाम्फनूडल व्हॅनिलाच्या गोड सॉसबरोबर खातात. गोड सॉसशी खारट तळ, हे ऐकायला आपल्याला चमत्कारिक वाटतं. एक घास खाऊन पाहावा. खारट कुरकुरीत कडेमुळे व्हॅनिला सॉसचा गोडवा कुठेच जड होत नाही. कन्डेन्स्ड मिल्क मात्र नुसतंच गोड, ते सगळ्यावर बसतं. फाल्झ हा द्राक्षांचा मुलूख, म्हणून तिथे पांढरी वाइन, अंडी आणि साखर आचेवर घुसळून फेसाळ सॉसही करतात. त्याच डाम्फनूडलबरोबर बटाट्याचं सूप वाढण्याची पद्धतही आहे, आणि पावसाळ्यात मला ते दोन्ही एकत्र फार रुचतं. या भागातल्या फ्रेकनफेल्ड गावात तर अशी दंतकथा सांगतात की सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैनिक गाव लुटायला आले, तेव्हा तिथल्या बेकरीवाल्याने १२८६ डाम्फनूडल करून त्यांची पोटं भरली आणि गाव वाचलं. त्याच्या स्मरणार्थ गावात डाम्फनूडलची कमान उभी आहे.

आपण दुरुस्ती छापावी ही विनंती, आणि प्रमाणासह छापावी. ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द यीस्टच्या पदार्थात काही कामाचा नाही. माझं प्रमाण असं: मैदा ५०० ग्रॅम, कोमट दूध २५० मिलिलिटर, सुकं यीस्ट ७ ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, मऊ लोणी ६० ग्रॅम, एक अंडं, अर्धा चमचा मीठ. अंडं नको असेल तर तीन-चार चमचे दूध जास्त. पीठ पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल असावं आणि चांगली दहा मिनिटं मळावं. जर्मन पुस्तकात पीठ फुगायला एक तास सांगतात, पण एप्रिल-मेच्या मुंबईत ते त्याच्या कितीतरी आधी दुप्पट होतं. तेव्हा घड्याळाकडे बघू नका, पिठाकडे बघा, आणि दूध त्या दिवसांत कोमट न करता साधंच घ्या. दहा गोळे करून पुन्हा वीसेक मिनिटं झाकून ठेवावेत. कढईत एका वेळी पाच-सहा मावतात, ते फुगणार आहेत हे लक्षात ठेवावं. दोन मोठे चमचे लोणी, दीडशे मिलिलिटर पाणी, अर्धा चमचा मीठ, मध्यमपेक्षा थोडी कमी आच, साधारण वीस ते पंचवीस मिनिटं.

सॉससाठी अर्धा लिटर दूध, चार अंड्यांचा पिवळा बलक, ६० ग्रॅम साखर आणि व्हॅनिला. हे उकळू द्यायचं नाही, ८२-८३ अंशांच्या आसपास ते चमच्याला धरू लागतं आणि त्याच्या फार पुढे गेलं की फाटतं. अंडं न खाणाऱ्यांनी निःशंकपणे कस्टर्ड पावडर घ्यावी, फक्त नेहमीपेक्षा पातळ ठेवावी. ती पावडर मुळात १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी अंडं न सोसणाऱ्या आपल्या पत्नीसाठीच केली होती. व्हॅनिलाची शेंग महाग पडते, इसेन्सने काही बिघडत नाही. त्यातलं वासाचं द्रव्य, व्हॅनिलिन, प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार केलं तेही १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीच.

जागा कमी असेल तर माझं पत्र खुशाल कापा, पण तीन गोष्टी चौकटीत तरी द्या: यीस्ट, जड बुडाची कढई, आणि चरचर ऐकू येईपर्यंत बंद झाकण.

आपली नेहमीची वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, विलेपार्ले (पूर्व), मुंबई