जायफळ डब्यातच राहू दे

गुहागर,
श्रावणातला दुसरा शनिवार

प्रिय वैजू,

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा इथे लाईट गेली होती आणि पागोळ्यांच्या आवाजात तुझं निम्मं बोलणं वाहून गेलं. पण "पाच आठवडे झाले गं, सलग तीन तास झोपले नाही," एवढं नीट ऐकू आलं, आणि मग तुझं रडणंही. म्हणून सकाळची कामं बाजूला टाकून लिहायला बसलेय. पत्र लांबेल. छकुलीला पाजता पाजता वाच, दोन दिवसांत संपलं तरी चालेल.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. सासूबाई म्हणतात, "चेडवाक (पोरीला) जरा जायफळ जास्त घाल." घालू का, असं तू विचारलंस. नको घालूस. जास्त नको, कमीही नको.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. चिन्मय दोन महिन्यांचा असतानाची एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, तुलाही नाही. हे तेव्हा लोट्याला रात्रपाळीला असायचे, आई तापाने झोपलेली, आणि चिन्मय चार रात्री अखंड रडत होता. रोज सहाणेवर जायफळाचा एक वेढा द्यायचो. त्या संध्याकाळी मी सहा-सात वेढे दिले. आपल्याच परसातलं ताजं जायफळ, सहाणेवर पिवळट तेल सुटलं, त्याचा वास अजून नाकात आहे. नऊला तो झोपला. मीही झोपले. साडेतीनला जाग आली ती छाती दगडासारखी झाल्याने. पुढचा गाऊन दुधाने भिजलेला, आणि तो मात्र उठलाच नव्हता. उचलला तर मान एकीकडे गेली. डोळे अर्धवट उघडे, ओठ कोरडे, आणि माझ्या तळहाताखाली त्याचं काळीज पाखरासारखं फडफडत होतं. तळपायावर टिचक्या मारल्या, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, तरी रडेना. चार रात्री ज्या रडण्याला वैतागले होते तेच रडणं ऐकण्यासाठी मी देव पाण्यात घातले. शेजारच्यांनी पावसात रिक्षा काढली आणि चिपळूण गाठलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलंत?" मी म्हटलं, काही नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. दीड दिवस ठेवून घेतलं त्याला. वाचला.

जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. ते जास्त गेलं की तोंडाला कोरड पडते, काळजाचे ठोके वाढतात, गुंगी येते. आणि वेढा हे काही माप नाही. फळ ताजं की जुनं, सहाण खरखरीत की गुळगुळीत, उगाळणारा हात कुणाचा, यावर पोटात किती जाणार ते ठरतं. सहा महिने बाळाला आईचं दूध सोडून काहीच लागत नाही, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षभर चाटवायचा नाही, त्यात कधी कधी असे जंतू असतात जे तान्ह्याच्या आतड्यात वाढून अंग लुळं पाडतात.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्यांच्या आधीच्या पिढीत रत्नागिरीकडून मुंबईला गेलेल्या बायका गिरणीत पाळीला जाताना तान्ह्याला अफूची गोळी देत. पोर निजून राहिलं नाही तर दिवसाची मजुरी बुडायची. पोर झोपलं म्हणजे घर सुटलं, हे त्या पिढीच्या अंगात भिनलेलं आहे. त्यांना प्रेमच सांगायचं असतं.

पण मला जे तुला सांगायचंय ते नेमकं इथेच आहे, वैजू. आपण गाढ झोपेच्या मागे लागतो, आणि या वयात बाळाची कच्ची झोप हीच त्याची राखण असते. तान्हं बाळ झोपेचा जवळजवळ निम्मा वेळ चुळबुळत असतं. कुंथतं, हसतं, डोळे फिरवतं, हातपाय झाडतं. तासाभराने झोप पातळ होते. श्वास अडला, तोंडावर कापड आलं, गरम झालं, तर या पातळ झोपेमुळेच ते दचकून जागं होतं आणि मान वळवतं. काही न कळता झोपेतच दगावणाऱ्या बाळांपैकी पुष्कळांची ही जागं होण्याची यंत्रणा कमी पडलेली असते, असं अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. पहिल्या ते चौथ्या महिन्यात हा धोका सर्वांत जास्त, सहा महिन्यांनंतर फारच थोडा. म्हणून झोप जड करणारी प्रत्येक गोष्ट आपल्याला नकोच.

पोटावर पालथं निजवणं हे त्यातलं पहिलं. सासूबाईंचं निरीक्षण खरं आहे, पालथं बाळ जास्त वेळ झोपतं, कारण पालथ्याने जाग यायला उशीर लागतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 साली बाळांना पालथं निजवू नका असं सांगितलं, 1994 पासून घरोघरी प्रचार झाला, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथले असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. औषध नाही, यंत्र नाही, फक्त पाठीवर निजवणं. कुशीवरही नको, कुशीवरून पालथं व्हायला वेळ लागत नाही. उताणं बाळ गुळणी आली तर ठसकेल, ही भीती मलाही होती. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. श्वासनलिका पुढे, अन्ननलिका मागे. उताणं असताना श्वासाची नळी वर राहते, वर आलेल्या दुधाला तिच्यात जायला चढावं लागतं. पालथ्यात बरोबर उलटं. जागेपणी मात्र रोज थोडा वेळ पोटावर ठेव, तू समोर बसून. मान धरायला शिकेल.

आता तिचं अंथरूण. घट्ट, सपाट गादी आणि ताणून घातलेली चादर, बस्स. तू फोटो पाठवलास त्यात मोहरीची उशी, दोन लोड, एक मऊ दुलई आणि बारशाला आलेला कापसाचा ससा आहे. सगळं काढ. डोकं गोल व्हायला मोहरीची उशी लागत नाही, दर खेपेला मान वेगळ्या दिशेला वळवून ठेवली की पुरतं. झोपेत टोपरं-कुंचीही काढ, आपल्याकडच्या या दमट हवेत तान्ह्याला लवकर उकडतं. हातपाय गार लागले तर घाबरू नकोस, मानेमागे हात लावून बघ, तिथे घाम असला तर एक कपडा कमी कर. दुपट्यात गुंडाळतेस ते चालेल, पण पाय मोकळे राहू देत, आवळून बांधले तर खुब्याचे सांधे बिघडतात. कुशीवर वळायची लक्षणं दिसली की गुंडाळणं बंद. गळ्यातला काळा दोरा रात्री उतरव. दृष्टीची तीट गालावर असू दे, ती कुणाला टोचत नाही.

लुगड्याच्या झोळीबद्दल मी तुझ्याशी वाद घालेन. आपण सगळ्या झोळीत वाढलो, माहीत आहे. पण कापडाच्या खोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि कापड तोंडाजवळ येतं. तान्ह्याची मान ती उचलू शकत नाही. शिवाय मोठी मुलं मोकळ्या झोळीत खेळायला जातात आणि पीळ पडून गळ्याला फास बसतो, असं प्रत्यक्षात घडलंय. जोजवायचंच तर मांडीवर जोजव, जागं असताना झोळीत हलव, पण झोपली की उचलून सपाट जागी ठेव, आणि झोळी वाशावर टांगलेली सोडू नकोस.

जमिनीवर अंथरूण घालणार असलीस तर पडण्याची भीती नाही, पण पावसाळ्यात आपल्याकडे मण्यार आणि विंचू घरात येतात. मण्यार रात्री निजलेल्यालाच डसते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवून कोकणातली किती पोरं वाचवली, 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरी अंथरूण झटकूनच घाल आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली नीट खोच, सैल लोंबती ठेवू नकोस. मच्छरदाणी असली की बंद खोलीत उदबत्ती किंवा कॉइल लावायची गरजच नाही. आणि शेक-शेगडी! खाली निखारे, ओवा-शेपांची धुरी, दारं लावलेली. तो धूर तिच्या इवल्या फुफ्फुसात जातो, आणि बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा वायू तर वासही न येता जीव घेतो. तुला शेक हवा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने घे, तेवढा वेळ छकुली दुसऱ्या खोलीत असू दे.

झोपताना मात्र ती तुझ्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या अंथरुणावर असावी, निदान सहा महिने. मला ठाऊक आहे, पहाटे पाजता पाजता डोळा लागतोच. म्हणून एक पक्कं कर. पेंगत असताना सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजायला बसू नकोस, तिथे बाळ फटीत सरकतं आणि कळतही नाही. त्यापेक्षा उशा-पांघरुणं दूर सारून घट्ट गादीवर पाज, आणि जाग आली की तिला तिच्या जागी ठेव.

सगळ्यात मला काळजी वाटते ती गणपतीची. चाकरमानी येतील, घरात पंचवीस माणसं होतील, माजघरात रांगेने अंथरुणं पडतील, आणि कुणीतरी मायेने म्हणेल, "आण तिला, आमच्यात निजव." त्या पाच रात्री ठाम राहा. कुणाची प्यायलेली रात्र असेल, कुणी विडी ओढून आलेलं असेल, कुणाच्या कुशीतलं पोर लाथा झाडणारं असेल. तुझा सोहमसुद्धा तिच्या शेजारी नको, तीन वर्षांचं मूल झोपेत कुठे हात टाकेल सांगता येत नाही.

सोहम रात्री उठून रडतो म्हणालीस. अगं, त्याचं राज्य गेलंय. त्याच्या वयाला दिवसाची धरून दहा ते तेरा तास झोप लागते, आणि ती ठरावीक वेळेनेच येते. दिवेलागणीनंतर मोबाइल बंद, जेवण, हातपाय धुणं, शुभं करोति, एक गोष्ट, आणि ती गोष्ट बाबाने सांगायची. ही दहा मिनिटं फक्त त्याची.

छकुलीला असला नेम अजून कळणार नाही. रात्र-दिवस ओळखायला दोन-तीन महिने जातात. तोवर दिवसा उजेडात, घरातल्या आवाजात झोपू दे. रात्री दिवा मंद, बोलणं नाही, पाजून परत खाली. तिने कुं केलं की लगेच उचलू नकोस, क्षणभर थांबून बघ, पुष्कळदा ती झोपेतच असते.

आणि तू. तुझ्या नवऱ्याला सांग, पहाटे दोन ते पाच ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं त्याच्याकडे. हे उपकार नव्हेत. तरीही रडणं थांबत नसेल, किंवा तुझ्या मनात भलतेसलते विचार येत असतील, तर मला रात्री कितीही वाजता उठव आणि सकाळी डॉक्टरांकडे जा.

मी मंगळवारी येतेय. चिपळूणहून गाडी पकडून कुडाळला उतरेन, पुढे एसटीने मालवण. न्यायला कुणाला पाठवू नकोस. चार रात्री राहीन. तू फक्त पाजायचं आणि झोपायचं, बाकी मी जागते. सासूबाईंशीही मीच बोलेन, चिन्मयची गोष्ट त्यांना सांगेन. तेवढं मंगळवारपर्यंत जायफळ डब्यातच राहू दे.

तुझीच,
सुमा