लायनरला घण नको, पुलर हवा

महोदय,

उसाचे ट्रॅक्टर पावसाळ्यात गॅरेजला लागतात. दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्याचे बॉयलर पेटायच्या आत इंजिन बांधून द्यायचे असते. या घाईत सांगली-सातारा भागात जाम झालेला लायनर (इंजिनच्या ब्लॉकमधली, पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) अजूनही सर्रास खालून पहार लावून घणाने ठोकून काढतात. पुढे महिनाभरात चेंबरच्या (इंजिनच्या तळाच्या भांड्यातल्या) ऑइलमध्ये पाणी आले की दोष रबर रिंगांना दिला जातो. खरा दोष ठोकण्याचा असतो.

वेट लायनरच्या बाहेरून थेट पाणी खेळते. खालच्या बाजूला ब्लॉकच्या ज्या कड्यात ओ-रिंग, म्हणजे त्या रबर रिंगा, बसतात, तिथेच गंज आणि बोअरवेलच्या पाण्याचे क्षार साचून लायनर धरतो. पहार निसटली की त्या कड्यावर ओरखडा उठतो आणि नवी रिंगही तिथे पाणी अडवू शकत नाही. क्रँकच्या जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागाला) टोच बसली तर खर्च कुठल्या कुठे जातो.

यावरचा पुलर, म्हणजे खालची प्लेट, मधला रॉड आणि वरचा पूल यांनी नट आवळून लायनर वर ओढणारे हत्यार, कुपवाड, पलूस किंवा कराडच्या कुठल्याही लेथवर होतो. त्यातली खालची प्लेट नीट झाली पाहिजे. बाकीच्या भागांत थोडे इकडेतिकडे चालते. उदाहरणादाखल लायनरचा बोअर (आतला व्यास) १०० मिमी आणि खालच्या टोकाचा बाहेरचा व्यास ११४ मिमी धरा. २० मिमी जाडीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट घेऊन तिची खालची १४ मिमी जाडी १११ मिमी व्यासाला आणि वरची ६ मिमी ९९.५ मिमीला टर्न करावी. वरची पायरी बोअरमध्ये बसून प्लेट मध्यावर धरते आणि खालची कड लायनर उचलते. ही कड लायनरच्या बाहेरच्या व्यासापेक्षा मोठी राहिली तर ती ब्लॉकच्या कड्याला अडकते, आणि नट आवळताना बिडाचा कडा तुटतो. तुटलेला कडा पुन्हा मिळत नाही, म्हणून माप अंदाजाने न घेता जुना लायनर व्हर्नियरने मोजावा.

प्लेटच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट कापून रुंदी ९४ मिमी करावी. मग क्रँक न उतरवताही प्लेट उभी धरून वरून बोअरमधून खाली सोडता येते. पिस्टन काढलेला, चेंबर उतरवलेला आणि त्या सिलिंडरचा क्रँकपिन तळाला असला की खालून हाताने ती आडवी करून बसवता येते.

प्लेटच्या मध्यावर एम-२० चे आटे पाडावेत. रॉड सुमारे ४५० मिमी लांब, ईएन-८ या मजबूत पोलादाचा. हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या आटेवाल्या रॉडचे आटे ताणाखाली सोलतात. रॉडच्या वरच्या टोकाला पाना धरण्यासाठी दोन चपट्या बाजू ठेवाव्यात, नाहीतर नटाबरोबर रॉडही फिरतो.

ब्लॉकवर आडव्या बसणाऱ्या वरच्या पुलासाठी ७५ मिमीच्या दोन चॅनेल पाठीला पाठ लावून, मध्ये २२ मिमी फट ठेवून वेल्ड कराव्यात. पाय किमान ७५ मिमी उंच असावेत. ते लायनरच्या कॉलरवर (वरच्या टोकाच्या रुंद काठावर) किंवा शेजारच्या लायनरवर न टेकता ब्लॉकच्या पृष्ठभागावर टेकले पाहिजेत, आणि त्यांच्याखाली ॲल्युमिनियमची पट्टी हवी. नटाखाली जाड वॉशर आणि ५१२०४ नंबरचे थ्रस्ट बेअरिंग घालावे. ते नसेल तर निम्मा जोर घर्षणातच जातो.

आट्यांना ग्रीस लावून नट पाव-पाव फेरा आवळत जावा. लायनर हलत नसेल तर पान्याला पाइप जोडून झटू नये. ताण तसाच ठेवून पाण्याच्या वाटेतून गंज खरवडावा, डिझेल सोडून रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी रॉडच्या डोक्यावर हलका ठोका द्यावा. बहुतेक वेळा ‘टक्’ असा आवाज येऊन लायनर सुटतो, आणि रिंगा कड्याबाहेर आल्या की हाताने वर येतो. गॅसने ब्लॉक तापवू नये, बीड तडकते. बाहेरून पाणी न लागणाऱ्या ड्राय लायनरला हा पुलर लावू नये. तो पातळ असतो आणि त्याला प्रेसच लागते.

नवा लायनर आधी रिंगांशिवाय बसवून कॉलर ब्लॉकच्या वर किती राहते ते सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) पाहावे. हे माप इंजिनच्या मॅन्युअलप्रमाणेच हवे. कमी भरले तर हेड गास्केट तिथे दाबले जात नाही. रिंगांना साबणाचे पाणी लावून लायनर हाताच्या दाबाने बसवावा.

आयटीआयमध्ये टर्नर, वेल्डर आणि मेकॅनिक डिझेल या ट्रेडच्या मुलांना मिळून हा पुलर जॉब म्हणून द्यावा, ही विनंती. आपल्याकडे चालणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टर मॉडेलच्या प्लेटचे ड्रॉइंग त्यांनी मोजून काढले आणि संस्थेच्या फलकावर लावले, तर गॅरेजवाला त्याचा फोटो घेऊन थेट टर्नरकडे जाऊ शकेल.

— एक डिझेल मेकॅनिक, ता. पलूस, जि. सांगली